डावं चाक जास्त काळं

गाडीचे ब्रेक पॅड किती चालतात, असं मी ज्याला ज्याला विचारलं त्याने लगेच आकडा दिला. ऑफिसमधले एक सहकारी दर शनिवारी नाशिकला घरी जातात. ते म्हणाले, साठ हजार किलोमीटरपर्यंत तिकडे बघायचंसुद्धा नाही. आमच्या सोसायटीत एकजण टॅक्सी चालवतात. त्यांचे वीस-बावीस हजारांत संपतात. पुण्याचा माझा भाऊ म्हणाला, "ताई, आवाज आला की बदलायचे, त्यात काय एवढं!" तिघेही आपापल्या जागी खरं बोलत होते. मी त्यातला मला सोयीचा आकडा उचलला, साठ हजारांचा, आणि त्याच्या भरवशावर वर्षभर मुलुंडचं घर ते सीप्झचं ऑफिस अशी गाडी चालवली.

गाडी २०१५ची पेट्रोल हॅचबॅक. मी ती घेतली २०२१मध्ये, लॉकडाऊननंतर, जेव्हा लोकलच्या पासावर अटी होत्या आणि जुन्या गाड्यांना एकाएकी भाव आला होता. विकणाऱ्याने बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, डॉक्टरची गाडी आहे." मुंबईत जुन्या गाड्यांच्या बाजारात निम्म्या गाड्या डॉक्टरांच्या असतात आणि उरलेल्या रिटायर्ड बँक मॅनेजरांच्या, हे मला माहीत होतं. पण ही गाडी खरोखरच डॉक्टरांची निघाली. नंबर एमएच ४७, म्हणजे बोरिवली आरटीओचा. सर्व्हिस बुकात दरवर्षीचा शिक्का, आणि मीटरवर ३८,००० किलोमीटर. काटा मागे फिरवलेला नाही ना, हे मी बुकातल्या नोंदी एकीखाली एक लावून पाहिलं. कुठेही गडबड नव्हती. पॅड बदलल्याची नोंद मात्र एकही नव्हती. तेही माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं, आणि मी त्याचा अर्थ असा लावला की गाडी इतकी जपून वापरलीय की पॅडसुद्धा बदलावे लागले नाहीत!

नंतर विक्रीच्या कागदांच्या निमित्ताने डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. घर बोरिवली पश्चिमेला, दवाखाना पूर्वेला. सकाळ-संध्याकाळ तेवढंच. एस. व्ही. रोड, उड्डाणपूल, सिग्नल, रिक्षा, पुन्हा सिग्नल. म्हणजे ते ३८ हजार जवळपास सगळेच्या सगळे पहिल्या आणि दुसऱ्या गिअरचे होते. त्यावर लॉकडाऊनमध्ये गाडी कित्येक महिने उघड्यावर उभी. फोन ठेवताना मी म्हटलं, "छान ठेवलीत गाडी, डॉक्टर." आणि ते मनापासूनच म्हटलं होतं.

किलोमीटर चाकाचे असतात आणि ब्रेक पायाचा, हा साधा विचार मी केला नाही. ब्रेक म्हणजे वेगातली ऊर्जा घासून उष्णतेत घालवणं. माणसं धरून हजार किलोची गाडी ताशी साठच्या वेगावरून पूर्ण थांबवली की त्या एका थांबण्यात जवळजवळ एकशे चाळीस किलोज्यूल उष्णता तयार होते. अर्धा लिटर साध्या पाण्याला उकळी आणण्याइतकी. वेग निम्मा असला तर उष्णता चौथाई. म्हणून शहरातला एकेक ब्रेक हलका असतो, पण किलोमीटरमागे तो किती वेळा लागतो ते बघा. नाशिक रस्त्यावर भिवंडी ओलांडली की पुढे कितीतरी किलोमीटर पाय ब्रेककडे जात नाही. माझ्या रोजच्या वाटेवर, म्हणजे ईस्टर्न एक्स्प्रेसवरून कांजुरला वळून जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पवई, एल अँड टी, साकीविहार, सीप्झ, मेट्रो सहाच्या कामाच्या बॅरिकेडमुळे रस्ता तेव्हा कुठे तीन लेनचा, कुठे दीड लेनचा होता. त्यात पाय ब्रेकवरून उठतो कधी, हाच प्रश्न. सहकाऱ्याचा साठ हजारांचा आकडा आणि माझी गाडी यांचा काही संबंधच नव्हता.

त्यातही छोट्या गाडीत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे दोन डिस्क आणि त्यांचे चार पॅड करतात. मागचे शू, ज्यांना गॅरेजात लायनर म्हणतात, ते निवांत असतात आणि कितीतरी जास्त चालतात. नव्या पॅडवर घासायचा माल साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. तीनवर आला की बदलायचा. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत ब्रेक तपासायचं वेळापत्रक होतंच. मी ती पुस्तिका ब्लूटूथ कसं जोडायचं ते बघण्यासाठी उघडली होती.

आणखी एक गोष्ट तेव्हा डोक्यात पक्की बसली होती: काही बिघडलं असतं तर सरकारने थांबवलं असतं. पीयूसी आहे, विमा आहे, आरसीवर २०३०पर्यंतची मुदत आहे. पण पीयूसीत तपासतात तो धूर. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि त्या पंधरा वर्षांत तिचे ब्रेक एकदाही कोणा सरकारी माणसाने बघावेत अशी सक्ती आपल्याकडे नाही. टॅक्सी-रिक्षाला ठराविक मुदतीने फिटनेस दाखवावा लागतो. माझ्या गाडीला नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते. जर्मनी आणि जपानमध्ये पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. आपल्याकडे पहिली पंधरा वर्षं मालक हाच निरीक्षक. मी कसली निरीक्षक होते ते पुढे येतंच.

२०२२च्या पावसाळ्यात आवाज सुरू झाला. आमच्या सोसायटीत गाड्या उघड्यावर. रात्रभर पाऊस झाला की सकाळी डिस्कवर तांबूस गंज धरलेला असतो आणि पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात. ओतीव लोखंडाला हवेचा दमटपणा लागला की हे होणारच, ते घासून निघून जातं. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि नेमकं त्यानेच घात केला. कारण दुसरा आवाज बारीक, शिट्टीसारखा होता. तो कांजुरला पोचेपर्यंत जात नव्हता, संध्याकाळी परत येतानाही होता. पॅडवर एक छोटी पत्र्याची पट्टी बसवलेली असते. माल संपत आला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. तिचं कामच ते. मी मात्र पावसाळा आहे म्हणून काच वर घेतली आणि रेडिओ मोठा केला. मीटर सत्तेचाळीस हजारांवर होतं. साठला अजून अवकाश होता!

तरी एकदा मुलुंडच्याच एका गॅरेजात दाखवलं. तिथल्या मुलाने चाक काढलं नाही. मोबाइलचा टॉर्च लावून चाकाच्या फटीतून डोकावला आणि म्हणाला, "मॅडम, आधा माल बाकी है. चलाओ बिनधास्त." पैसेही घेतले नाहीत. त्याने पाहिलं ते बरोबरच होतं. बाहेरच्या बाजूचा पॅड खरोखर निम्मा शिल्लक होता. पण प्रत्येक चाकात पॅड दोन असतात, एक बाहेरचा आणि एक आतला, आणि आतला फटीतून दिसत नाही. "आतला पण बघ ना रे," एवढं म्हणायला मला आतला असतो हे माहीत हवं होतं.

मग एक दिवस आयआयटीच्या गेटजवळ शिट्टी थांबली. मला बरं वाटलं. दोन दिवसांनी तिच्या जागी जड, दळल्यासारखी घरघर आली, पायाला पेडलमधून जाणवणारी. यावेळी भांडुपला एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी काही न बोलता जॅक लावला, डावं पुढचं चाक उतरवलं, कॅलिपरचा बोल्ट सोडून तो वर उचलला आणि आतला पॅड माझ्या हातात दिला. त्यावर माल म्हणून काही नव्हतंच. पाठीची लोखंडी पट्टी होती, तीही एका कडेला घासून आरशासारखी चकचकीत झालेली. पट्टी किंचाळून किंचाळून झिजून गेली म्हणून शिट्टी बंद झाली होती. मग त्यांनी मला वाकून डिस्कची आतली बाजू बघायला लावली. गोल गोल खोल चर. मी बोट फिरवलं तर नख अडकत होतं. बाहेरच्या कडेला डिस्कचा मूळ जाडीचा भाग ओठासारखा उभा राहिला होता, कारण तिथवर पॅड पोचत नाही.

"ताई, डिस्क पण गेली," मिस्त्री म्हणाले. "दोन्ही बाजूच्या डिस्क आणि पॅड टाका. आणि ह्या कॅलिपरच्या पिना मला काही बऱ्या दिसत नाहीत. किट घालू."

मी हिशेब विचारला. गणपतीत बराच खर्च झाला होता. मी म्हटलं, "सध्या फक्त पॅड टाका, डिस्कचं नंतर बघू." ते नको म्हणत होते. मी पॅडही स्वतः आणून दिले, एका दुकानातून, जिथे काउंटरवरच्या माणसाने तीन डबे पुढे ठेवले: ओरिजिनल, दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचा आणि लोकल. लोकल पहिल्याच्या निम्म्याहून कमी किमतीला. ब्रेकचे अस्तर बनवणाऱ्या चांगल्या देशी कंपन्या आपल्याकडे आहेत; चेन्नईच्या राणे समूहात तर हे काम साठच्या दशकापासून चालतं. पर्याय नव्हता असं मुळीच नाही. मी तिसरा डबा उचलला. साडी घेताना मी तीन दुकानं फिरते.

चर पडलेल्या डिस्कवर सपाट नवा पॅड बसवला की तो फक्त चरांच्या उंचवट्यांवर टेकतो. त्या थोड्या जागेवर सगळा दाब आणि सगळी उष्णता. पॅड झपाट्याने चरांच्या आकाराचा होत जातो आणि तोवर पकड अर्धवटच. शिवाय नवे पॅड बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून, मोकळ्या रस्त्यावर हळूहळू वेग कमी करत जमवून घ्यावे लागतात. जेव्हीएलआरवर मोकळा रस्ता कुठून आणायचा? मी तर आठवड्यातच त्यांच्यावर चौघांना आणि फराळाचे डबे घालून भाऊबीजेला पुण्याला गेले.

परतीच्या वाटेवर जे केलं ते लिहायला मला आजही जड जातं. लोणावळा सोडून बोरघाट उतरायला लागले आणि गाडी न्यूट्रलवर टाकली. पेट्रोल वाचतं म्हणून. वडील त्यांची फियाट उतारावर अशीच सोडायचे, आणि ते किती छान चालवायचे ही आमच्या घरातली दंतकथा आहे. फियाटच्या कार्ब्युरेटरला थोडंफार लागू होत असेल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत नेमकं उलटं होतं. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचं पेट्रोल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू राहण्यासाठी पेट्रोल पीत राहतं आणि धरून ठेवायला काहीच उरत नाही, ब्रेकशिवाय. लोणावळा ते खोपोली साधारण साडेपाचशे मीटरचा उतार. हजार किलोची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे साठच्या वेगावरून जवळपास चाळीस वेळा थांबण्याइतकी उष्णता, आणि तीही सलग, थंड व्हायला उसंत न देता. थोडी हवेच्या विरोधात जाते, बाकीची माझ्या त्या लोकल पॅडमध्ये आणि चर पडलेल्या डिस्कमध्ये.

आधी वास आला, जळक्या रबरासारखा. मी पुढच्या ट्रकला बोल लावले. मग पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. प्रत्येक वेळी थोडं आणखी खाली. मागे सासूबाई धाकटीला बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या छोट्या गाडीची गोष्ट सांगत होत्या. मी त्यांना गप्प बसा म्हणून ओरडले, जे लग्नाच्या अठरा वर्षांत कधी केलं नव्हतं, आणि गिअर दुसऱ्यात घातला. इंजिनाने आरडाओरडा केला पण गाडी धरली. घाट संपल्यावर मोकळी जागा बघून कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि बराच वेळ कोणी उतरलं नाही.

पेडल खाली का गेलं ते नंतर कळलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं कोरं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३चं तर २०५वरून १४०. तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, बुडबुडा मात्र दाबला जातो, मग पायाचा जोर बुडबुड्यातच संपतो. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचं, आणि मुंबईच्या हवेत तर त्यात हयगय नको. माझ्या गाडीच्या बुकात ब्रेक ऑइलची नोंद शोधली. सात वर्षांत एकदाही नाही. डॉक्टर, मी आणि सर्व्हिस करणारे, कोणालाच ते आठवलं नव्हतं. इंजिन ऑइल मात्र दरवर्षी.

कंजूसपणाची चूक झाली की माणूस उधळपट्टीची करतो. त्या सोमवारी मी गाडी एका मोठ्या, चकाचक वर्कशॉपमध्ये नेली आणि म्हटलं, ब्रेकचं जे जे आहे ते सगळं नवीन घाला. असं सांगितल्यावर कोण नाही म्हणेल! पुढच्या डिस्क, पॅड, मागचे ड्रम, लायनर, तेल. बिल वीस हजारांच्या वर. मी सही करताना वाचलंही नाही. एकच शहाणपण केलं, जुने भाग डिकीत टाकून द्या म्हटलं.

ते भाग आमच्या कंपनीच्या टूलरूममध्ये नेले. तिथले फोरमन मापाशिवाय बोलत नाहीत. प्रत्येक डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते, हे मला त्यांनी दाखवलं. इतकी वर्षं ती तिथेच होती, फक्त गंजाखाली. नवी जाडी आणि किमान जाडी यांत बहुतेक छोट्या गाड्यांत दोन मिलिमीटरच्या आसपास फरक. त्यांनी मायक्रोमीटर लावला. डावी डिस्क मर्यादेच्या खाली गेली होती. उजवी व्यवस्थित, अजून पॅडचा एक पूर्ण संच खाल्ला असता इतकी. तरी एका ॲक्सलच्या दोन्ही डिस्क जोडीनेच बदलायच्या असतात, एक नवी एक जुनी ठेवली तर गाडी ब्रेक लागताना एकीकडे ओढते, म्हणून तो खर्च वाया गेला असं म्हणता येणार नाही. पण ड्रम? त्यांच्या आत कमाल व्यास कोरलेला होता, १८२. फोरमननी मोजला तो १८०च्या जेमतेम वर. लायनरवरही भरपूर माल. मागचे दोन्ही ड्रम आणि लायनर मी भीतीपोटी भंगारात काढले होते.

"तुमची डावी आणि उजवी बाजू एवढी वेगळी का झिजली?" फोरमननी विचारलं. मी म्हटलं, रस्ता तसा असेल. ते माझ्याकडे बघत राहिले.

त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढच्या वर्षी मिळालं, आणि खरं तर फार आधी मिळालेलं होतं. आमच्या सोसायटीत सकाळी गाड्या पुसायला एक मुलगा येतो. त्याने मला २०२१मध्येच, गाडी घेतल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सांगितलं होतं, "मॅडम, ये बाएँ वाला चक्का जल्दी काला होता है, बाकी तीन नहीं होते." मी त्याला झापलं होतं. नीट पुसत नाहीस, वर कारणं सांगतोस. त्यानंतर तो ते चाक दोनदा पुसायचा.

चाकावरची ती काजळी म्हणजे झिजलेल्या पॅडचा भुगा. एकाच चाकावर जास्त साठत असेल तर त्या चाकाचा ब्रेक बाकीच्यांपेक्षा जास्त घासतोय. कॅलिपरमध्ये पिस्टन आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. पिना अडकल्या की सरकणं बंद. आतला पॅड एकटाच राबतो आणि पाय काढला तरी पुरता सुटत नाही. त्या पिनांवरचं रबरी बूट फाटलं होतं, बहुधा गाडी लॉकडाऊनमध्ये उभी असतानाच, आणि दोन पावसाळ्यांचं पाणी आत जाऊन ग्रीसचा चिखल झाला होता. नवे पॅड, नव्या डिस्क, चकाचक बिल, सगळं त्याच अडकलेल्या पिनांवर बसवलेलं. वर्ष झालं नाही तोवर डावं चाक पुन्हा काळं. या खेपेला मुलगा काही बोलला नाही. मीच सकाळी त्याच्या हातातलं फडकं पाहिलं.

भांडुपच्या मिस्त्रींकडे परत गेले, थोडी मान खाली घालूनच. त्यांनी पक्कडीने पीन फिरवायचा प्रयत्न केला, फिरली नाही, हातोडीने ठोकून काढली. पिनेचा मधला भाग खरजेसारखा गंजलेला. दोन पिना, बुटांचं किट, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसची एक पुडी. हजार रुपयांच्या आत सगळं. "हेच बोललो होतो तेव्हा," एवढंच म्हणाले, आणि चहा मागवला.

गाडी त्यांच्याकडे होती तेव्हा मी लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने चकाला गाठत होते. अंधेरी-कुर्ला रोडवरच्या लाल दिव्यांची रांग वरून बघायला मला आवडू लागलं, याचं श्रेय ब्रेकला. मेट्रो थांबताना तिच्या मोटारी जनित्र होतात आणि बरीचशी ऊर्जा विजेच्या रूपात परत देतात. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांचंही तेच, म्हणून त्यांचे पॅड वर्षानुवर्षं टिकतात. खालचे लोक मात्र पेट्रोल जाळून वेग घेत होते आणि पन्नास फुटांवर तो घासून टाकत होते. ऑटोमॅटिकवाले तर जास्तच, कारण ती गाडी सिग्नलला स्वतःहून पुढे सरकत असते आणि पाय ब्रेकवरच लागतो.

आता कोणी विचारलं तर मी आकडा देते, पण पत्त्यासकट. अंधेरी-बोरिवली-मुलुंडच्या ट्रॅफिकमध्ये, मॅन्युअल गाडी, चांगले पॅड, पुढचे तीस हजारांच्या आसपास. त्यात पाच-दहा हजार मागेपुढे. डिस्क पॅडचे दोन संच बघते, सांभाळलं तर तिसराही. मागचे लायनर त्याच्या दुप्पट तरी. हायवेची गाडी असेल तर हे सगळं सोडून द्यायचं. आणि जुनी गाडी घेताना पॅड संपलेलेच आहेत असं धरूनच भाव करायचा. मिस्त्रींना शंभर-दोनशे रुपये द्यायचे, चारही चाकं उतरवायची आणि आतला पॅड बघायचा. विकणारा चाक काढायला कां कूं करत असेल तर गाडी कितीही गोड दिसो, मी तरी निघून येईन. विकत घेतल्यावर वॉरंटी आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नसतो. पॅड, लायनर, डिस्क हे झिजणारे भाग, बहुतेक वॉरंट्या त्यांना बाहेरच ठेवतात.

यातल्या एका मुद्द्यावर माझं आणि मिस्त्रींचं अजून पटलेलं नाही. घासलेली डिस्क लेथवर सपाट करून पुन्हा वापरायची की नाही. जाडी शिल्लक असेल तर ते करतात, निम्म्याहून कमी खर्चात होतं. मला वाटतं डिस्क जितकी पातळ तितकी ती लवकर तापते, आणि मी बोरघाट पाहिलेला आहे. "ताई, तुम्ही न्यूट्रलमध्ये उतरलात, त्यात डिस्कचा काय दोष," असं ते म्हणतात, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गाडी आता आम्ही विकायला काढलीय. मेट्रोने माझं काम भागतं आणि पार्किंगवरून सोसायटीत रोज कटकट. जाहिरातीत मी सगळं लिहिलं: ब्रेक ऑइल कधी बदललं, पुढचे पॅड आतून सात मिलिमीटर, बाहेरून सात, पिना नव्या. यजमान म्हणाले, हे कोण वाचणार. बरेच फोन आले. किती चालली, हे प्रत्येकाने विचारलं. रविवारी घाटकोपरहून एक नवरा-बायको गाडी बघायला येताहेत. चाक उतरवून दाखवू का, असं मी त्यांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "नको हो मॅडम, एवढा त्रास कशाला, तुमच्यावर विश्वास आहे. टायर कुठल्या कंपनीचे आहेत?"